आभाळ भरून आलें म्हणजे फवारा काढावा काय ?

दिवाळीच्या आगेमागें आभाळ भरून आलें, दोन दिवस ऊन पडलें नाहीं, कीं आमच्या भागांत एक ठराविक देखावा दृष्टीस पडतो. सकाळीं चावडीपुढें कोणी तरी म्हणतो, "ढग आले, आतां तुरीवर अळी पडणार." दुपारपर्यंत औषधाच्या दुकानापुढें रांग लागते, आणि सायंकाळीं ज्याच्या त्याच्या पाठीवर पंप दिसूं लागतो. तुरींत शिरून दहा झाडें वाकवून पाहिलेला मनुष्य त्या रांगेंत शोधूनहि सांपडावयाचा नाहीं. शेजाऱ्यानें फवारलें म्हणून आपण फवारावयाचें, आणि आपण फवारलें म्हणून पलीकडच्यानें, असा हा प्रकार चालतो. ह्यासंबंधीं चार शब्द लिहावे, असें आम्हांस बरेच दिवस वाटत होतें.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. हवामान आणि कीड ह्यांचा संबंध खरा आहे, निकट आहे, आणि आपले वाडवडील तो जाणून होते. परंतु "ढग आले कीं कीड येते" इतका तो सरळ नाहीं. हवामान जसें किडीस पोसतें, तसेंच तें किडीच्या शत्रूंसहि पोसतें. आणि एका किडीस जें मानवतें तेंच दुसरीस मारक होतें. म्हणून नुसत्या आभाळाकडे पाहून फवारा काढणें म्हणजे अर्धें प्रकरण वाचून निकाल देण्यासारखें आहे. उरलेलें अर्धें प्रकरण पानाच्या खालच्या बाजूस असतें. तें वाचल्यावांचून हुकूम करूं नये.

आम्ही कोणी शेतकी पदवीधर नव्हे. आमचें शिक्षण गांवच्या मराठी शाळेंत झालें, व पुढें आयुष्याचीं बहुतेक वर्षें महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेलीं. त्या नोकरींत एक काम आमच्याकडे पुष्कळ वर्षें होतें. तें पावसाच्या वहीचें. कचेरीच्या आवारांतील पर्जन्यमापक सकाळीं साडेआठ वाजतां पाहावयाचा, मिलिमीटरांत आंकडा लिहावयाचा, आठवड्याची व महिन्याची बेरीज करून वर पाठवावयाची. त्या आंकड्यांवरून टंचाईचा विचार होई, पैसेवारीच्या वेळीं ते पुढें ठेवले जात. परंतु त्याच वर्षीं तुरीवर अळी केव्हां पडली, घेवड्यावर कोळी केव्हां चढला, पावट्यावर मावा कोणत्या आठवड्यांत बसला, हें लिहावयास त्या वहींत रकाना नव्हता. पाऊस एका दप्तरांत आणि कीड शेतकऱ्याच्या आठवणींत. दोहोंची गांठ कधीं पडली नाहीं. ह्या एका रकान्याच्या अभावीं आपलें किती नुकसान होत असेल, ह्याचा विचार आम्हांस नोकरींत असतांना कधीं सुचला नाहीं. तो सुचण्यास स्वतःचें पीक बुडावें लागलें.

ती हकीकत सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं विहिरीच्या पाण्यावर पंधरा गुंठे उन्हाळी घेवडा केला होता. रान गाडीवाटेस लागून आहे. फाल्गुनांत ऊन तापलें, कोरडा वारा सुटला, आणि पानांवर बारीक पांढुरके ठिपके दिसूं लागले. नेमकें त्याच आठवड्यांत दोन दिवस आभाळ आलें. आम्हीं पान न उलटतां मनाशीं ठरविलें कीं, ढगामुळें मावा किंवा फुलकिडे आले असावे. आणि दुकानांतून सिंथेटिक पायरेथ्रॉइड वर्गांतील एक औषध आणून फवारलें. चार दिवस बरें वाटलें. दहाव्या दिवशीं पानें तांबूस झालीं, म्हणून पुन्हां तेंच औषध फवारलें. तिसऱ्या आठवड्यांत शेंड्याशेंड्यांवर कोळिष्टकें दिसूं लागलीं, फुलें गळून गेलीं, आणि तोडा म्हणून हातीं आला तो घरच्या भाजीपुरता.

शेजारचे एक वृद्ध शेतकरी पाहावयास आले. त्यांनीं एक पान खुडलें, खांद्यावरील पांढऱ्या पंचावर उलटें करून झटकलें, आणि कापडावर चालूं लागलेले तांबडे कण दाखवून म्हणाले, "भाऊसाहेब, पावसाची वही तुम्ही एवढीं वर्षें नेमानें लिहिलीत; पण पान कांहीं उलटून पाहिलें नाहींत. हा लाल कोळी. ह्याला ढग नको, ऊन हवें. आणि तुमच्या औषधानें ह्याचे वैरी तेवढे मेले." त्यांच्या चवळीवरहि तोच कोळी होता. त्यांनीं सकाळच्या वेळीं पाण्याचा जोरकस फवारा पानांच्या खालून मारला, वाटेकडच्या ओळींवरची धूळ धुवून काढली, आणि पाण्याची पाळी लांबूं दिली नाहीं. एवढ्यावर त्यांची चवळी तगली. आमच्या शेतांतील व त्यांच्या शेतांतील ढग एकच होता. फरक होता तो पान उलटण्याचा.

त्या दिवसापासून आम्ही ह्या विषयाची माहिती मिळेल तेथून गोळा करीत आलों. ती शेतकरी बंधूंच्या उपयोगीं पडेल अशा रीतीनें येथें मांडतों.

प्रथम उष्णतेचा विचार करूं. आपल्या अंगांत स्वतःची ऊब असते. किडीच्या अंगांत ती नसते. बाहेरच्या उष्णतेवर तिच्या वाढीचा वेग अवलंबून असतो. ठराविक मर्यादेच्या खालीं वाढ थांबते. मर्यादेच्या फार वर गेल्यास कीड होरपळते. आणि मधल्या पट्ट्यांत रोजची उष्णता जणूं खात्यावर जमा होत जाते. ठराविक बेरीज भरली कीं अंड्याची अळी, अळीचा कोष आणि कोषाचा पतंग होतो. उष्णतेच्या बेरजेची ही कल्पना रेओमूर ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १७३५ सालीं पिकांच्या पक्वतेसंबंधीं मांडली. आज तीच किडींच्या अंदाजास लावतात. लाल कोळ्याचें उदाहरण घ्या. २० अंश सेल्सिअसच्या सुमारास अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास त्याला पंधरवड्याहून अधिक दिवस लागतात. ३० अंशांच्या सुमारास तेंच काम आठ-दहा दिवसांत उरकतें. एक मादी अनुकूल दिवसांत १०० च्या घरांत अंडीं घालते. ज्यांनीं सावकाराचें चक्रवाढ व्याज पाहिलें आहे, त्यांस ह्याचा अर्थ निराळा सांगावयास नको. माघांत पानामागें दोन-चार दिसणारे कोळी फाल्गुनअखेर सबंध पीक कां बुडवितात, ह्याचें उत्तर ह्या हिशेबांत आहे.

दुसरी गोष्ट हवेंतील ओलाव्याची. लाल कोळी हा कीटक नव्हे. पूर्ण वाढलेल्या कोळ्यास आठ पाय असतात, आणि तो जात्या कोळ्यांच्या कुळांतला आहे. म्हणून कीटकांवरचीं पुष्कळशीं औषधें त्याला लागूच पडत नाहींत. कोरडी, तापलेली हवा त्याला मानवते. पण गोष्ट एवढ्यावर संपत नाहीं. ह्या कोळ्यास खाणारे दुसरे शिकारी कोळी शेतांत असतात. हवा फार कोरडी झाली म्हणजे त्यांचीं अंडीं सुकून जातात व फुटत नाहींत. लाल कोळ्यास रोग आणून मारणाऱ्या बुरशीसहि दमट हवाच लागते. म्हणजे कोरडी हवा एका हातानें चोरास बळ देते आणि दुसऱ्या हातानें पहारेकरी काढून घेते. त्यांतच पीक तहानलेलें राहिलें, वाटेची धूळ पानांवर बसली, आणि आमच्यासारख्या कोणी उरल्यासुरल्या पहारेकऱ्यांवर औषध फवारलें, कीं चोरास रान मोकळें झालें. पायरेथ्रॉइड औषधांनंतर कोळी उसळतो, हें शास्त्रज्ञांनीं अनेक पिकांवर पाहिलेलें आहे. आम्हीं तें पंधरा गुंठ्यांवर पाहिलें.

तिसरी गोष्ट पावसाची. जोराची सर मावा, कोळी व फुलकिडे ह्यांस पानावरून धुवून काढते. एका चांगल्या सरीनें जें काम होतें तें कित्येकदां दोन फवारण्यांनीं होत नाहीं, आणि त्या सरीस दाम पडत नाहीं. परंतु तीच सर आपण सकाळीं मारलेलें औषध दुपारीं ओढ्यास नेऊन घालते. पावसाची चिन्हें असतांना फवारणारा शेतकरी आपला पैसा पाण्यांत टाकतो, हें बोलणें येथें अक्षरशः खरें ठरतें. रिमझिम मात्र निराळी. ती कीड धुवून काढीत नाहीं. पिकास दिवसभर ओलें ठेवते, आणि फुलांत व शेंगांत जाळें करून राहणाऱ्या ठिपक्यांच्या अळीस, म्हणजे मारुकास, असा दमट काळ पोषक होतो. म्हणून "पाऊस पडला" एवढें लिहून भागत नाहीं. तो कसा पडला हेंहि लिहावें लागतें.

आतां ढगांकडे येऊं. ढग आले म्हणजे दिवसाचें ऊन मंद होतें, रात्रीची थंडी कमी होते, आणि पानावरचा ओलावा लवकर सुकत नाहीं. चवळी, पावटा, वाल ह्यांवरील काळ्या माव्यास अशी मध्यम हवा फार आवडते. २४ ते २८ अंशांच्या दरम्यान तो जोमानें वाढतो. ३५ अंशांच्या पुढें त्याची वाढ मंदावते. त्याची मादी नरावांचून थेट पिलें देते, आणि पिलूं सुमारें आठवड्याभरांत स्वतः पिलें देऊं लागतें. रायगडाकडे भात निघाल्यावर जमिनींतल्या ओलीवर वाल करतात. तेथें थंडींत चार दिवस आभाळ राहिलें कीं शेंडे काळे होतात, अशी तक्रार शेतकरी करतात. ती निराधार नाहीं. तेव्हां ढगास दोष देणारा मनुष्य अगदींच चुकतो असें आम्ही म्हणत नाहीं.

परंतु त्याच दमट हवेंत माव्यावर बुरशीचा रोग पडतो, आणि माव्याच्या मागोमाग ढालकिडे येतात. ढालकिड्याची अळी पाहिली नसल्यास मुद्दाम पाहावी. ती लांबट, काळसर, ठिपक्यांची व दिसण्यास ओंगळ असते, आणि पुष्कळ शेतकरी तिलाच कीड समजून औषध मारतात. हा मोठा अन्याय होय. मावा आधीं येतो, त्याचा शत्रू मागाहून. मधले आठ दिवस मोठ्या परीक्षेचे असतात. ज्या शेंड्यावर मावा आहे पण ढालकिडे व त्यांच्या अळ्याहि भरपूर आहेत, त्या शेतास थोडी सवड द्यावी. ज्या शेंड्यावर नुसता मावा व मुंग्या आहेत आणि शत्रूचा पत्ता नाहीं, तेथें हात चालवावा. दोन्ही शेतांवर ढग एकच, पण निकाल दोन. आणि हा निकाल आभाळ देत नाहीं, शेंडा देतो.

तुरीवरील व हरभऱ्यावरील घाटे अळीची कथाहि अशीच आहे. तिचा पतंग रात्रीं कोंवळ्या शेंड्यांवर, कळ्यांवर व फुलांवर एकेक अंडें घालतो. तीन-चार दिवसांत अळी निघते. आरंभीं ती कोंवळा पाला, कळ्या खाते. मोठी झाल्यावर शेंगेस भोंक पाडून दाणा खाते. शेवटीं मातींत शिरून कोष करते. फुलोऱ्याच्या वेळीं अवकाळी पाऊस व आभाळ राहिलें म्हणजे पिकास नवी पालवी व नवी फुलें येत राहतात. अळीस ताजें अन्न लांबेपर्यंत मिळतें, आणि मध्यम हवेंत तिची वाढहि खंडत नाहीं. २०१९ सालीं आक्टोबर-नोव्हेंबरांत महाराष्ट्रांत जो अवकाळी पाऊस झाला, तो पुष्कळांच्या स्मरणांत असेल. अशा वर्षीं सावध राहावें हें बरोबरच आहे. पण सावध राहणें म्हणजे फवारणें नव्हे. ह्याच घाटे अळीस एक विषाणूचा रोग होतो. रोगट अळी झाडाच्या शेंड्याकडे चढते आणि तेथें उलटी लटकून मरते. हा विषाणू एच.ए.एन.पी.व्ही. ह्या नांवानें औषधाच्या रूपानें मिळतो. प्रखर उन्हानें तो निकामी होतो, म्हणून तो सायंकाळीं फवारावयाचा असतो. म्हणजे पाऊस नसलेलें मंद उन्हाचें ढगाळ हवामान, ज्यास आपण शत्रू मानतों, तेंच ह्या उपायाचें मित्र आहे. त्याच दिवशीं तीव्र विषारी औषध मारणाऱ्यास ह्या मित्राचा उपयोग होत नाहीं.

आणखी एक प्रकार सांगितला पाहिजे. कारण त्यांत हवामानाचा हात सर्वांत लपलेला आहे. तुरीस वांझ रोग होतो. झाड हिरवेंगार व झुडुपासारखें वाढतें, पण त्यास फूल-शेंग धरत नाहीं. हा रोग विषाणूचा असून तो एका अतिसूक्ष्म कोळ्यामार्फत पसरतो. हा कोळी नुसत्या डोळ्यांस दिसत नाहीं; त्याची लांबी एका मिलिमीटरच्या सुमारें पांचव्या हिश्शाइतकी असते. वाऱ्याबरोबर तो शेतोशेतीं जातो. गेल्या हंगामाचीं तुरीचीं खुंटें बांधावर राहिलीं, आणि उन्हाळ्यांत वळवाच्या पावसानें तीं पुन्हां फुटलीं, म्हणजे कोळी व रोग ह्या दोघांसहि नव्या पिकापर्यंत मुक्कामाची सोय होते. वळवाचा पाऊस चांगला झाला म्हणून आपण आनंद मानतों. त्याच वेळीं बांधावर जाऊन जुनीं खुंटें उपटलीं नाहींत तर पुढील आषाढांत त्याची किंमत द्यावी लागते. येथें आभाळ वैशाखांत बोलतें आणि पीक मार्गशीर्षांत उत्तर देतें. मधले सहा महिने ज्यानें लिहून ठेवले असतील, त्यालाच हा संबंध दिसेल.

ह्यावर वाचकांकडून दोन-तीन आक्षेप येतील, त्यांचा विचार करूं.

पहिला आक्षेप असा कीं, "पाहत बसलों तर तोंवर पीक जाईल." ह्यांत तथ्य आहे, आणि अळी शेंगेंत शिरल्यावर औषध तिच्यापर्यंत पोंचत नाहीं, हेंहि आम्हांस मान्य आहे. म्हणूनच आम्ही पाहत बसा म्हणत नाहीं. पाहा आणि मोजा म्हणतों. अंड्याची अळी होण्यास तीन-चार दिवस लागतात. आठवड्यांतून दोनदां शेतांत पांच ठिकाणीं प्रत्येकीं दोन झाडें तपासलीं, तर लहान अळी दृष्टीआड होत नाहीं. हरभऱ्यांत एक मीटर ओळींत १ ते २ अळ्या आढळल्या, किंवा कामगंध सापळ्यांत दर सापळ्यास ८ ते १० पतंग लागोपाठ दोन-तीन दिवस सांपडले, म्हणजे उपाय करावा, अशी शिफारस आहे. तोंपर्यंत पक्ष्यांस बसावयास शेतांत उंच काठ्या रोवाव्या, आणि ५ टक्के निंबोळी अर्काचा उपयोग करावा. संख्या भरली म्हणजे मात्र मागेंपुढें पाहूं नये. आमचा वाद औषधाशीं नाहीं. न मोजतां केलेल्या खर्चाशीं आहे.

दुसरा आक्षेप असा कीं, "आमच्या आजोबांनीं नक्षत्रांवरून कीड ओळखली, त्यांनीं कोठें वही लिहिली होती?" पर्जन्यनक्षत्रें सूर्याच्या गतीवर असल्यामुळें दरवर्षीं जवळजवळ त्याच तारखांस लागतात. मृग जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस, हस्त सप्टेंबरच्या अखेरीस. म्हणून आजोबांचें नक्षत्र म्हणजे एक प्रकारची तोंडी वहीच होती, आणि ती पिढ्यान् पिढ्या तपासलेली होती. परंतु नक्षत्र तारीख सांगतें. त्या तारखेस यंदा पाऊस किती झाला, ऊन किती तापलें, हें तें सांगत नाहीं. पेरणी पुढें गेली, जाती बदलल्या, एकाच शिवारांत तीन वाणांची तूर तीन वेळीं फुलूं लागली. तेव्हां आजोबांच्या वहींत नवीं पानें जोडणें हें नातवांचें काम आहे. तें न करतां जुन्या म्हणी घोकणें ह्यांत आजोबांचा मान नाहीं.

तिसरा आक्षेप सुशिक्षित वाचकांचा असेल. ते म्हणतील, "सरकार हें सर्व करतेंच आहे." २००८ सालीं विदर्भांत सोयाबीनवर पानें खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला, त्यानंतर २००९-१० पासून राज्यांत क्रॉपसॅप ह्या नांवानें कीड-रोगांचें सर्वेक्षण व सल्ला देण्याची योजना सुरू झाली, आणि तूर व हरभरा हीं पिकेंहि तींत घेण्यांत आलीं. महसूल मंडळांच्या ठिकाणीं स्वयंचलित हवामानयंत्रें बसविण्यांत आलीं. हें काम स्तुत्य आहे, आणि त्यांतील सल्ला अवश्य वाचावा. परंतु मंडळ म्हणजे अनेक गांवें. ओढ्याच्या अलीकडे २० मिलिमीटर आणि पलीकडे कोरडें, असा पाऊस आम्हीं कितीदां तरी पाहिला आहे. मंडळाचें यंत्र आपल्या घेवड्याचें पान उलटीत नाहीं. जिल्ह्याचा सल्ला आणि स्वतःच्या शेताची नोंद हीं दोन्हीं एकत्र ठेवलीं, म्हणजेच निर्णय पुरा होतो.

आणखी एक गोष्ट आम्ही मुद्दाम शेवटीं सांगतों, कारण ती पिकाची नसून माणसाची आहे. ढगाळ, दमट व कोंदट दिवशीं वारा पडलेला असतो. उंच वाढलेल्या पिकांत औषधाचे तुषार माणसाभोंवतीं रेंगाळतात, अंग घामेजलेलें असतें, तोंडावरचा रुमाल उकाड्यानें काढून टाकला जातो. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी व शेतमजूर दगावले. तें पीक कपाशीचें होतें, तुरीचें नव्हे. परंतु डोक्याइतक्या उंच तुरींत पंप घेऊन शिरणारा गडीहि त्याच धोक्यांत असतो. बहुधा पंप मालकाच्या पाठीवर नसतो, मजुराच्या पाठीवर असतो. अनावश्यक फवारणीचा हिशेब करतांना औषधाची व मजुरीचीच रक्कम धरूं नये. त्या गड्याच्या श्वासाचीहि किंमत धरावी. जी फवारणी पान उलटून पाहिल्यानें टळली असती, तिच्यासाठीं मनुष्य आजारी पडणें हें कोणाहि खातेदारास शोभणारें नाहीं.

तर मग करावें काय ? आमची सूचना साधी आहे, आणि ती आपल्या संघापुढें आम्ही नम्रपणें ठेवतों. संघाच्या प्रत्येक गांवीं एक पर्जन्यमापक आणि दिवसाची कमाल व रात्रीची किमान उष्णता दाखविणारा एक उष्णतामापक असावा. पर्जन्यमापक झाडापासून व भिंतीपासून दूर, उघड्यावर बसवावा; उष्णतामापक सावलींत, पण हवा खेळेल असा टांगावा. त्याच्या जोडीस एक वही ठेवावी. रकाने पुढीलप्रमाणें असावे : तारीख; पाऊस व तो सरीचा कीं रिमझिम; कमाल व किमान उष्णता; आभाळ व वारा; पीक व त्याची अवस्था; दहा झाडांवरील किडींची संख्या; त्याच झाडांवरील ढालकिडे इत्यादि मित्रांची संख्या; आणि केलेला उपाय. पहिले चार रकाने रोज भरावे; बाकीचे आठवड्यांतून दोनदां. शाळा शिकलेल्या कोणाहि मुलास वा मुलीस हें काम जमेल. सूक्ष्म कोळ्यांसाठीं दहापट दाखविणारें एक भिंग घ्यावें. आणि तें नसल्यास पांढरा कागद आहेच, त्यावर पान झटकावें. ह्या सर्व साहित्यास फार मोठा खर्च येत नाहीं. सर्व गांव मिळून एक निरुपयोगी फवारणी चुकविली, तरी तो भरून निघून वर शिल्लक राहील अशी आमची खात्री आहे.

संघाच्या मासिक बैठकींत ह्या वह्या वाचल्या जाव्या. पहिल्या वर्षीं त्यांतून कांहीं विशेष निघणार नाहीं. एका वर्षाची नोंद म्हणजे एकाच साक्षीदाराची जबानी. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीं मात्र प्रश्न विचारतां येतील. पाऊस ओसरल्यापासून किती दिवसांनीं आपल्याकडे पतंग सापळ्यांत येतात ? माघांत उष्णता ३० अंशांवर गेल्यापासून कितव्या दिवशीं घेवड्यावर कोळी दिसतो ? आभाळ आलेल्या किती वेळां खरोखर मावा वाढला, आणि किती वेळां ढालकिड्यांनीं तो आवरला ? हीं उत्तरें कोणत्याहि पुस्तकांत आपल्या गांवच्या नांवानें लिहिलेलीं नाहींत. तीं आपणच लिहावयाचीं आहेत.

आम्हीं आपल्या पुरता आरंभ केला आहे. ओट्यापुढील मोकळ्या जागेंत पर्जन्यमापक बसविला असून, नोकरींतल्या सवयीनें सकाळीं साडेआठ वाजतां तो पाहतों. फरक एवढाच कीं, आतां आंकडा लिहिल्यावर वही मिटवीत नाहीं. ती काखेंत मारून शेताकडे जातों, आणि पान उलटून उरलेला रकाना भरतों. गेल्या दोन हंगामांत आमच्या तुरीवर जेथें पूर्वीं चार फवारण्या होत, तेथें एकदां दोन व एकदां एकच करावी लागली. ह्यावरून सिद्धांत काढावा इतकी ही नोंद मोठी नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु ती वाढविण्यास आपल्यापैकीं दहा-बारा जणांनीं जरी हात लाविला, तरी आमचा हा लेख लिहिण्याचा श्रम सार्थकीं लागला असें आम्ही समजूं.

आभाळ येईल तेव्हां अवश्य वर पाहावें. पण वर पाहून झाल्यावर वाकून पानाखालींहि पाहावें, आणि मगच पंपास हात घालावा, एवढीच सर्व शेतकरी बंधूंस आमची आग्रहाची विनंती आहे.